दक्षिणेकडे पाय

राजारामपुरीतल्या त्या हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर बायकांचा वॉर्ड आहे. पाच बेड या भिंतीला, पाच समोरच्या भिंतीला, मधे ट्रॉली जाईल एवढी वाट. इमारत बांधताना कुणी दिशा पाहिली नसावी, कारण एक ते पाच नंबरच्या बेडवर आडव्या झालेल्या बाईचे पाय नेमके दक्षिणेला होतात. मेलेल्या माणसाला तसं ठेवतात. डॉक्टरांना याचं काही वाटत नाही. पेशंटच्या पोरांना वाटतं, सुनांना वाटतं, आणि सगळ्यांत जास्त वाटतं ते बघायला येणाऱ्या पाहुण्यांना. सफरचंदाची पिशवी टेकवायच्या आधी पाहुणा खिडकीतून ऊन कुठून येतंय ते बघतो आणि विचारतो, आईचे पाय कुणीकडं केल्यात रे.

यावर बाळाबाईकडे इलाज होता. बाळाबाई वॉर्डातली आया, बावीस वर्षांची जुनी. समोरच्या रांगेत कुणी तरुण बाई असेल, कुणी उद्या घरी जाणारी असेल, तर तिला गोड बोलून ती या रांगेत आणायची आणि या रांगेतल्या म्हातारीला तिकडे न्यायची. कपड्यांची पिशवी, थर्मास, चपला, सगळं त्या त्या बेडखाली जायचं. पायाशी अडकवलेला केसपेपरचा बोर्ड तेवढा कधी लगेच हलायचा, कधी तासाभराने. सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि सगळ्यांना ते सोयीचं होतं, कारण पाहुण्यांशी भांडण टळायचं. मेट्रन क्रांती मॅडम तर नव्या सिस्टरांना सांगायच्या, पेशंटचं मन कसं राखायचं ते बाळाबाईकडून शिका.

इंजेक्शनं मात्र बेडच्या नंबरावर जायची. ट्रेमध्ये सिरिंजा ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर पेनाने आकडा. नावं लिहीत बसलं तर दहापैकी चार पाटील निघतात, असं कुणीतरी कधीतरी म्हणालं होतं. तेव्हापासून आकडेच चालू होते.

दानेश्वरी मगदूम या वॉर्डात चौदा वर्षं सिस्टर होती. माहेर गडहिंग्लजच्या पलीकडचं, घरात निम्मं कानडी, नर्सिंग मिरजेला झालेलं. वय बेचाळीस. कामाला चोख, पण माणूस म्हणून कुणाच्या फारशी आवडीची नव्हती. डब्यातली भाजी कुणाला द्यायची नाही, कुणाची घ्यायची नाही. नवीन पोरींनी सलाईन लावताना बोटं कुठं धरली यावरून पेशंटसमोर बोलायची. रजेवर जाताना कपाटाची किल्ली दिल्यावर तिथंच उभी राहून कुलूप ओढून बघायची. बाकीच्या तिला मागून 'इन्स्पेक्टर' म्हणत.

गेल्या ऑगस्टमधल्या एका मंगळवारी ती दोन दिवसांच्या रजेनंतर सकाळपाळीला आली. रात्रीच्या सिस्टरने टेबलापाशी उभं राहून पेशंट सांगितले: तीन नंबर, नृसिंहवाडीच्या निवृत्त शिक्षिका, ताप आणि अशक्तपणा. आठ नंबर, साखरेची पेशंट, जेवणाआधी बारा युनिट इन्सुलिन, उद्या डिस्चार्ज. अकरा वाजता तीन नंबरच्या शिक्षिकेचा मुलगा अभिराम आला. त्याने आईचे पाय पाहिले आणि बाळाबाईला बाजूला घेऊन विनंती केली. बाळाबाईने तीन आणि आठची अदलाबदल केली, तेवढ्यात तिला ड्रेसिंगच्या खोलीत बोलावलं म्हणून बोर्ड तिथंच राहिले. दानेश्वरी तेव्हा डॉक्टरांच्या राउंडबरोबर खालच्या मजल्यावर होती.

साडेबाराला ती ट्रे घेऊन आठ नंबरपाशी गेली. बोर्डवर इन्सुलिन लिहिलेलं होतं. बेडवर पांढऱ्या केसांची, चष्मा लावलेली बाई होती. दानेश्वरीने विचारलं, "आठ नंबरच्या ना तुम्ही?"

अभिरामच्या आईने, इरावतीबाईंनी, आयुष्यभर मुलांना प्रश्न नीट वाचून उत्तर द्यायला शिकवलं होतं. त्यांनी वर भिंतीवरचा आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "हो."

पाऊण तासाने समोरच्या तीन नंबरवरची बाई ओरडून म्हणाली की ताट आलं तरी माझं साखरेचं इंजेक्शन कसं नाही आलं. दानेश्वरीने तिच्याकडे बघितलं, मग आठ नंबरकडे बघितलं. इरावतीबाईंनी ताटाला हात लावला नव्हता. त्यांची साडी घामाने पाठीला चिकटली होती आणि हाक मारल्यावर त्या डोळे उघडत नव्हत्या. बोटाला सुई टोचून साखर बघितली तर अडतीस. दानेश्वरीने शिरेतून ग्लुकोज दिलं, डॉक्टरांना फोन केला, स्ट्रेचर स्वतः ढकलत आयसीयूत नेलं. बाई वाचल्या. हृदय आधीच नाजूक होतं म्हणून दोन दिवस तिथं ठेवल्या आणि गुरुवारी परत वॉर्डात आणल्या. घरच्यांना सांगण्यात आलं की वय झालंय, जेवण गेलं नव्हतं, त्यामुळे साखर उतरली. सिस्टरचं लक्ष होतं म्हणून निभावलं.

हे सगळं इथंच मिटलं असतं. काय झालं ते दानेश्वरीशिवाय कुणाला नक्की माहीत नव्हतं. इन्सुलिनच्या बाटलीवर साक्षीदार नसतो.

तिने मंगळवारी संध्याकाळी घरी जाऊन, भाकऱ्या झाल्यावर, सौंदर्याच्या वहीतली दोन पानं फाडून घेतली. सौंदर्या तिची मुलगी, नववीतली. तिने विचारलं, काय लिहितीस. दानेश्वरी म्हणाली, चूक. पहिल्याच ओळीत तिने लिहिलं की आठ नंबरच्या पेशंटला चुकीचं इन्सुलिन मी दिलं. मग लिहिलं की बेड बदलले जातात हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, तरी आपण औषध नंबरावर देतो, म्हणून आज मी दिलं, उद्या दुसरी देईल. प्रत्येक पेशंटच्या मनगटावर नावाची पट्टी असावी. सिस्टरने 'तुम्ही अमुक ना' असं विचारू नये, 'तुमचं नाव सांगा' म्हणावं, कारण आजारी माणूस कशालाही हो म्हणतो. बेड बदलायचा तर सिस्टरसमोर, बोर्डासकट. शेवटी लिहिलं की इरावतीबाईंच्या घरच्यांना खरं सांगावं.

दुसऱ्या दिवशी तो कागद तिने क्रांती मॅडमच्या टेबलावर ठेवला. झेरॉक्स काढून एक प्रत पर्समध्ये ठेवली, कारण तो तिचा स्वभाव होता.

क्रांती मॅडमनी कागद उभ्यानेच वाचला. त्या रागावल्या नाहीत, पण दार लावून घेतलं. म्हणाल्या, बाकीचं ठीक आहे, मी सांगेन पोरींना तोंडी. शेवटची ओळ तेवढी खोड. दानेश्वरी म्हणाली, ती खोडली तर पहिली पण खोडावी लागेल. मॅडमनी विचारलं, तुला नेमकं काय हवंय, प्रमोशन? दानेश्वरीला यावर काय बोलावं ते सुचलं नाही. मॅडमना तेच उत्तर वाटलं.

दुपारपर्यंत कागदातलं बरंचसं वॉर्डात पोचलं होतं, पण वेगळं होऊन. दानेश्वरीने बाळाबाईवर लेखी तक्रार केली, असं ते झालं होतं. चहाच्या वेळी पाच कप आले, सिस्टरा सहा होत्या. दानेश्वरीने ट्रे धुवायला घेतला, तेव्हा मागून एक जण दुसरीला म्हणाली, जपून गं, आता हात धुतला नाही तरी कागद होईल.

बाळाबाईला तिने गाठलं ते कपडे वाळत घालायच्या गच्चीवर. सांगायचा प्रयत्न केला की कागदात तुमचं नावसुद्धा नाही. बाळाबाईने चादर झटकली.

"नाव कशाला पायजे? वॉर्डात बेड कोण हलवतंय, ते शेंबडं पोरगं पण सांगंल की. बावीस वर्सं म्हाताऱ्यांचं पाय फिरवतोय मी. कुणी मेलं न्हाय माझ्या हातनं. तू टोचलंस, तू निस्तर."

"तेच लिहिलंय मावशी, मी टोचलं म्हणून."

"मग गप बसायचं की तेवढ्यावर. खाली माझी शेपूट कशाला लावलीस?"

घरी बातमी तिच्या आधी पोचली होती. नवरा मृत्युंजय उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर सुपरवायझर होता. हॉस्पिटलच्या ऑफिसातला एक जण त्याचा वर्गमित्र. मृत्युंजय आवाज चढवणाऱ्यांतला नव्हता. तो बूट काढता काढता म्हणाला की आमच्याकडे मशीनमध्ये बोट गेलं तरी माणूस स्वतःच म्हणतो, माझं लक्ष नव्हतं. कागद करत बसत नाही. दानेश्वरीने विचारलं, मग पुढच्या माणसाचं बोट राहतं का. तो म्हणाला, तू एकटीच शहाणी हायस काय तिथं? आणि अंघोळीला गेला.

सासूचं वेगळं होतं. रत्नव्वाचा खुबा दोन वर्षांपूर्वी मोडला, तेव्हा डॉक्टर विजयसिंहांनी, म्हणजे हॉस्पिटलच्या मालकांनी, स्वतः ऑपरेशन केलं होतं आणि आपल्या सिस्टरची सासू म्हणून फी घेतली नव्हती. रत्नव्वा नेसरीची. पाहुणा आला की ती चालून दाखवायची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि डॉक्टरांचं नाव घेताना डोक्यावरचा पदर सारखा करायची.

त्या रात्री तिने सुनेच्या हातचं ताट पुढे सरकवलं.

"ज्या देवानं मला उभी केली, त्याच्या अंगावर कागद टाकलास व्हय गं?"

"त्यांच्या अंगावर नाही, अत्ती. माझ्याच अंगावर टाकलाय."

"तुझं अंग आनि ह्या घराचं अंग येगळं हाय काय?" रत्नव्वा म्हणाली. मग सौंदर्याकडून दुसरं ताट वाढून घेतलं आणि जेवली.

शुक्रवारी दानेश्वरीला डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. क्रांती मॅडम कडेला उभ्या होत्या. टेबलावर एक छापलेला कागद तिच्याकडे वळवून ठेवलेला होता. त्यात लिहिलं होतं की आया बाळाबाई यांनी नातेवाइकांच्या सांगण्यावरून, कोणत्याही सिस्टरला न कळवता, परस्पर पेशंट हलवले व त्यामुळे औषध देताना गोंधळ झाला. खाली दानेश्वरीचं नाव आणि सहीसाठी रेघ. हॉस्पिटलच्या व्यवस्थेबद्दल एक अक्षर नव्हतं.

चौदा वर्षं डॉक्टर तिला 'अगं दानेश्वरी' म्हणत आले होते. त्या दिवशी ते म्हणाले, "बसा, सिस्टर." ती बसली, पण तिथंच तिला कळलं की इथलं आपलं संपलं.

ते शांतपणे बोलले. सही केली तर तुमच्यावर काही येणार नाही. बाळाबाईचं वय झालंच आहे, तिला आम्ही मोकळ्या हाताने घरी पाठवणार नाही. सही केली नाही, तर इंजेक्शन तुम्ही दिलंय हे तुमच्याच अक्षरात माझ्याकडे आहे, आणि तो कागद नर्सिंग कौन्सिलकडे गेला तर तुमची नोंदणी राहील का जाईल ते मी सांगू शकत नाही.

"सर, मनगटाच्या पट्ट्या?" दानेश्वरीने विचारलं.

डॉक्टर क्रांती मॅडमकडे बघून हसले. "आपण काय बोलतोय, आणि या काय बोलतात."

"मी हेच बोलतेय, सर. बाळाबाई गेल्या, तर दुसरी आया येईल. तीही फिरवेल. पाय तर दक्षिणेलाच राहणार आहेत."

"उद्या दुपारपर्यंत सही," डॉक्टर म्हणाले. "आणि वॉर्डात कुणाशी बोलायचं नाही."

शनिवारी सकाळी इरावतीबाईंना डिस्चार्ज होता. अभिरामने वाडीहून कवठाच्या बर्फीचे चार डबे आणले होते. एक डॉक्टरांना, एक मेट्रनना, एक वॉर्डाला. चौथा घेऊन तो दानेश्वरीला शोधत औषधांच्या टेबलापाशी आला. इरावतीबाई बेडवर आवरून बसल्या होत्या, नवं पातळ नेसलेल्या. त्याने डबा दोन्ही हातांनी पुढे केला आणि म्हणाला, "सिस्टर, हा खास तुमचा. आई तुमच्यामुळे वाचली."

दानेश्वरीने डबा घेतला नाही. तिने घड्याळ पाहिलं नाही की दाराकडे पाहिलं नाही. ती त्याच्याबरोबर आठ नंबरपाशी गेली आणि दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, मंगळवारी तुमची साखर आपोआप उतरली नव्हती. दुसऱ्या पेशंटचं इन्सुलिन मी तुम्हाला दिलं होतं."

अभिरामचा आवाज असा चढला की समोरच्या रांगेतल्या बाया उठून बसल्या. माणसं मारायला बसलाय का तुम्ही इथं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. चार दिवस मी तुमच्या पाया पडतोय. दानेश्वरीने बेड बदलल्याचं सांगितलं, तेव्हा तो आणखी भडकला. म्हणजे आता माझी चूक? आईचे पाय नीट करून मागितले ही माझी चूक? ती म्हणाली, तुमची नाही. तिचं म्हणणं कुणाच्या कानावर पडण्यासारखं राहिलं नव्हतं. बाळाबाई दारात हात कमरेवर ठेवून उभी होती. क्रांती मॅडम जिन्यावरून येत होत्या.

इरावतीबाईंनी मुलाचा दंड धरून त्याला गप्प केलं. त्या दानेश्वरीकडे बघत होत्या आणि त्यांच्या बघण्यात कौतुक बिलकूल नव्हतं.

"मंगळवारी कळलं होतं ना तुम्हाला?"

"हो."

"आज शनिवार आहे. गुरुवारपासून मी रोज तुम्हाला नमस्कार करत होते. तुम्ही घेत होतात."

दानेश्वरीने पर्समधली झेरॉक्स काढून बाईंच्या हातात दिली. बाईंनी चष्मा पुसला आणि दीड पान वाचलं, एक शब्द न गाळता. क्रांती मॅडमनी हात पुढे करून तो हॉस्पिटलचा कागद आहे असं सांगितलं. बाईंनी कागदाची चार घड्यांची घडी केली आणि ती ब्लाउजमध्ये ठेवली.

"आता माझा आहे," त्या म्हणाल्या.

दुपारी दानेश्वरीने सही केली नाही. तसं ती सांगायला गेली, तर तिच्या नावाचा राजीनामा टाइप होऊन तयार होता. त्यावर मात्र तिने सही केली. खाली उतरताना गेटवरच्या वॉचमनने तिची पर्स उघडून बघितली. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

पुढे जे झालं ते कागदोपत्री झालं. अभिरामने कौन्सिलकडे तक्रार केली ती मुख्यतः दानेश्वरीच्या नावाने. तिच्यासाठी त्याच्या मनात जागा नव्हती आणि असल्याचं त्याने दाखवलंही नाही. पण इरावतीबाईंनी तक्रारीला ती झेरॉक्स जोडायला लावली. त्यामुळे बाळाबाईवर ठपका ठेवणारा छापलेला कागद वापरता येईना. सिस्टरनेच पहिल्या दिवशी काय लिहिलंय ते समोर होतं. हॉस्पिटलने उत्तर दिलं की आमच्याकडे पेशंटच्या मनगटावर नावाची पट्टी बांधण्यात येते, औषध देण्यापूर्वी पेशंटला नाव विचारण्यात येते आणि बेड बदलताना बोर्ड सिस्टरसमोर हलवण्यात येतो. वाक्यं तिचीच होती, फक्त 'असावी'चं 'बांधण्यात येते' केलेलं. असं उत्तर दिल्यावर पट्ट्या आणाव्याच लागल्या. कौन्सिलकडून दानेश्वरीला लेखी ताकीद आली. नोंदणी राहिली.

कोल्हापुरात तिला कुणी घेतलं नाही. 'हॉस्पिटलवर उलटलेली' म्हणून तिचं नाव आधीच फिरलेलं असायचं. शेवटी पेठ वडगावात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात जागा मिळाली. रोज सकाळी एसटीने जायचं, संध्याकाळी यायचं. मृत्युंजय बोलत होता, पण कामापुरतं. रत्नव्वा तिच्या हातचं जेवायला लागली ती दिवाळीनंतर, आणि तेही भाकरी सौंदर्याची समजून.

मार्चमध्ये रत्नव्वा न्हाणीघरात घसरली. हाड शाबूत होतं, पण चक्कर का आली ते बघायला ठेवायला हवं होतं. दुसरं हॉस्पिटल चालणार नाही, असं तिने निक्षून सांगितलं. तीन दिवस मृत्युंजय सोबतीला राहिला. दानेश्वरी डबा करून द्यायची, गेटच्या आत जायची नाही.

चौथ्या दिवशी म्हातारी घरी आली ती तणतणतच. बेड चार नंबरचा मिळाला होता, पाय दक्षिणेला, म्हणून बदलून मागितला. तर बाळाबाईने आधी सिस्टरला हाक मारली, मग सिस्टर आली, मग बोर्ड आला, मग वही आली.

"पाय फिरवायला अर्धा तास. आनि दर टायमाला नाव सांगा, नाव सांगा. दिवसातनं दहादा. मी म्हनलं, परवा तूच न्हवतीस व्हय गं, आज इसारलीस? तर म्हनते, नाव सांगा आज्जी, न्हायतर गोळी न्हाय." रत्नव्वा दम घ्यायला थांबली. "बाळाबाई म्हनली, तुमच्याच सुनंनं लावून दिलंय हे. शिव्या घालत हुती तुला."

"काय म्हणाली?"

"तुला कशाला सांगू? मी पण घातल्या दोन."

तिने उजवा हात पुढे केला. मनगटावर पांढरी पट्टी अजून तशीच होती, घट्ट, कातडीत रुतलेली. "काप हे. बांगडीत अडकतंय."

दानेश्वरीने ड्रेसिंगची कात्री आणली. सासूचा हात मांडीवर घेतला आणि पट्टी उजेडाकडे वळवली. रत्नव्वा मगदूम, वय एकाहत्तर, बेड खोडून पुन्हा लिहिलेला. चारचा नऊ केला होता, शेजारी सिस्टरची सही होती.

"वाचत काय बसलीस?" रत्नव्वा म्हणाली. "सासू हाय मी तुझी. ठावं न्हाय व्हय?"

"नाव सांगा," दानेश्वरी म्हणाली.

रत्नव्वाने हात ओढून घेतला. मग पुन्हा पुढे केला, कारण बांगडी खरंच रुतत होती, आणि दात खाऊन आपलं पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याचं सोडून.